एका सेंटर हाफसाठी खानदेशभर

धुळे

बर्लिनहून आपली हॉकीची टीम सोनं घेऊन आली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी खानदेशात हातात वाकडी काठी दिसली की लोक माणसाला थांबवून विचारीत, "काय, हॉकीवाले का?" गावोगाव टीमा निघाल्या आणि बऱ्याचशा पुढच्या पोळ्यापर्यंत बसल्याही. आमची धुळ्याची टीम या हौशीच्या पुष्कळ आधीची. एके काळी आमचं नाव ऐकून भुसावळचे रेल्वेवाले नीट बूट बांधून मैदानात उतरत. आता बूट न घालता आले तरी आम्हाला हरवून जातील अशी गत झाली होती.

ही गत कशाने झाली ते आधी सांगतो, म्हणजे मी हा प्रवास का केला ते कळेल. ज्यांनी आमचा मुलूख पाहिला नाही त्यांना आखाजी ठाऊक नसेल. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, घरोघरी आमरस नि पुरणपोळी असते. शेतावर वर्षाच्या बोलीने ठेवलेले गडी, ज्यांना आम्ही सालदार म्हणतो, तेही त्याच दिवशी बदलतात. जुन्याचं साल संपलं, नवा आला. आमच्या क्लबाचे मूळ संस्थापक सगळे शेतीवाडीवाले. त्यांनी क्लबाची वार्षिक बैठकही आखाजीलाच ठेवली. रसपोळी हाणायची, तक्क्याला टेकायचं आणि वर्षभर टीम का हरली याचा निवाडा करायचा. निवाडा एकच असे: कॅप्टन बदला. कॅप्टन बदलला की तो आपली माणसं आणी, जुनी माणसं घरी जात. पुढच्या आखाजीला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी ड्रिलमास्तर. मी पुण्याला ड्रिलचा कोर्स करायला गेलो होतो त्या साली या मंडळींनी रामदास आण्णांना काढलं. आण्णा आमचे सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारे. मी त्यांच्या मागे फुलबॅक खेळलो आहे, म्हणून सांगतो, चेंडू कुठे जाणार हे चेंडूच्या आधी आण्णांना कळे. त्यांच्याबरोबर जुने निम्मे खेळाडू गेले. "म्हातारे झाले" एवढंच कारण. त्यानंतर आम्ही जे गडगडलो ते गडगडतच राहिलो. गेल्या वर्षीच्या आखाजीला कॅप्टन व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा गुडघा गेलेला, खेळता येत नाही. तरी टीम तुम्हीच सांभाळा म्हणाले. मीही रागाच्या भरात हो म्हणून बसलो.

त्यात आबासाहेबांचा निरोप आला. आमचं मैदान त्यांच्या मालकीचं, शेजारीच त्यांचा जिनिंगचा कारखाना. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी इतकी वर्षं मैदान खेळायला दिलं होतं. मला बोलावून म्हणाले, "मास्तर, रोज पाहतो, चार पोरं येतात आणि गप्पा मारून जातात. मला रिकामी जमीन बघवत नाही. कार्तिकात भुसावळला सामने आहेत. एक सामना जिंकून दाखवा, मैदान तुमचं. नाही तर मार्गशीर्षात तिथे माझा कापूस पडेल."

माणूस वाईट नाही. बोलला ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला जास्त झोंबलं.

नथूभाऊंनी लगेच उपाय काढला. नथूभाऊंचं सायकलचं दुकान. टीमचे चेंडू नि गोलाच्या जाळ्या तेच पुरवतात. ते म्हणाले, "भुसावळहून तीन खेळाडू भाड्याने आणू. एक सामना जिंकायचाय ना? जिंकून टाकू. टीम नंतर बांधू." भाड्याचे खेळाडू मला पसंत नव्हते. पण दुसरं औषध मला तरी कुठे माहीत होतं? शेवटी असं ठरलं की दसऱ्याच्या सुट्टीत दोघांनी निघायचं, वाटेतल्या टीमा पाहायच्या आणि भुसावळहून खेळाडू ठरवून यायचं. निघताना मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. पडलेली टीम कोण उभी करतो आणि कोण नुसतं उभी करतो म्हणतो, हे पाहिल्याशिवाय मी कुणालाही बयाणा देणार नव्हतो.

भडगाव

चाळीसगावला गाडी बदलली, कजगावला उतरलो आणि तिथून बैलगाडी केली. भडगावात नथूभाऊंची बहीण दिलेली आहे, म्हणून पहिला मुक्काम तिथे. वाटेत काळ्या मातीच्या एका ओहोळात चाक रुतलं. गाडीवान म्हणाला उतरा, आम्ही उतरलो. नथूभाऊ घरून नवं धोतर नेसून निघाले होते, ते गुडघ्यापर्यंत काळं झालं. "सुरुवातच अशी," ते करवादले. मी म्हटलं, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चला, ढकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणेवर अंघोळ केली. आमच्या पांझरेपेक्षा गिरणेचं पाणी गार वाटलं, किंवा मला रात्रभर झोप नव्हती म्हणून तसं वाटलं असेल. रामदास आण्णा याच गावचे. टीममधून काढल्यावर ते धुळ्याची नोकरी सोडून इथे शेतीवर येऊन राहिले होते. त्यांच्याकडे न जाता पुढे जावं असं नथूभाऊंचं मत. "गेलो तर तोंड काय दाखवायचं?" मी म्हटलं, जे आहे ते दाखवू.

आण्णा ओट्यावर दोर वळत बसले होते. अंगाने तसेच काटक, मिशा तेवढ्या पिकलेल्या. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"या मास्तर. बसा," म्हणाले आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "धुयानी टीम कशी शे? हारस का आजून?"

"हरते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि दोर वळत राहिले. पुढे पाऊस, कपाशी, बैल, असंच बोलणं झालं. त्यांच्या पत्नी अक्कांनी गूळ-शेंगदाणे आणि पाणी आणून ठेवलं. मी पाणी पिता पिता आत पाहिलं. भिंतीवर खुंटीला त्यांची स्टिक टांगलेली होती आणि तिचा वाकडा भाग लालभडक रंगवलेला होता. मी पाहतो आहे हे अक्कांनी पाहिलं. त्या हसून म्हणाल्या, "पोळाले बैलना शिंगसले हिंगूळ लावा, तवय त्या काठीले बी लावा. म्हणे, हाई बी मना बैलच शे."

पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर त्यांनी ती काठीही रंगवली होती, हे बाहेर येताच आण्णांनी अक्कांकडे असं पाहिलं की त्या आत निघून गेल्या. मला गलबलून आलं. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून नमस्कार करून उठलो.

जळगाव

जळगावच्या टीमचा थाट पाहून नथूभाऊंचे डोळे दिपले. तिथले चिटणीस एक वकीलसाहेब. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चांदीचे कप, भिंतीवर फोटो. मला आग्रहाने चहा पाजला, चिवडा दिला, नव्या करकरीत जर्सी दाखवल्या. माणूस मोठा अगत्याचा आणि बोलण्यात तरबेज.

"यंदा आम्ही टीमची नव्याने बांधणी करतो आहोत," ते म्हणाले.

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही बांधणीच चालली होती."

मी फोटो नीट पाहू लागलो. प्रत्येक वर्षाचा एक फोटो. वकीलसाहेब तेवढे सगळ्या फोटोंत मधल्या खुर्चीवर, बाकीचे चेहरे दर साली निराळे. कप आणणारी माणसं भुसावळची नाही तर खांडव्याची. ती सामन्याच्या आदल्या दिवशी येत, कप मिळवून देत आणि परत जात. संध्याकाळी सराव पाहायला गेलो तर मैदानावर गावची चारच मुलं. त्यांना विचारलं, बाकीचे कुठे आहेत. एक जण म्हणाला, "बाकीचे सामन्याला येतात. आम्ही कडेला खेळतो." म्हणजे काय ते मला लगेच समजलं नाही. मग कळलं, भाड्याचे लोक मधल्या जागा धरतात, गावच्या पोरांना कडेला ठेवतात आणि त्यांच्याकडे चेंडू जातच नाही. लग्न दुसऱ्याचं आणि ही पोरं वऱ्हाडी.

रात्री खाणावळीत शेवभाजी मागवली. आमच्या धुळ्याची शेवभाजी तिखट असते असा माझा समज होता. जळगावकराने तो एका घासात काढून टाकला. नथूभाऊ नाक पुसत म्हणाले, "पण कप तर आहेत ना त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "दरवर्षी पाया खणायचा आणि दरवर्षी बुजवायचा, याला तुम्ही बांधणी म्हणता?" आमचं चांगलंच वाजलं. खाणावळवाल्याने मध्ये ताकाचे दोन पेले आणून ठेवले म्हणून थांबलो.

भुसावळ

भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव. सकाळी भोंगा होतो आणि सगळं गाव एका दिशेला चालू लागतं. तिथली वस्तीही निरनिराळी. मद्रासी, गोवेकर, पंजाबी, गोऱ्या बापाचे नि काळ्या आईचे, सगळे शेजारी शेजारी, आणि हॉकी सगळ्यांच्या बोलण्यात. आमच्याकडे ओट्यावर कपाशीच्या भावाची चर्चा होते तशी तिथे कालच्या सामन्याची.

आम्ही ज्याला ठरवायला आलो होतो तो डिसोझा इंजिनावर फायरमन होता. डावीकडून पुढे खेळायचा. धिप्पाड गडी, कोळशाने काळे झालेले हात धुवून आला आणि आमच्यासमोर खाटेवर बसला. व्यवहाराला अगदी सरळ.

"हम तीन आदमी आयेगा. सामने के दिन आयेगा. गोल देगा," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुम्ही जळगावकडून खेळलात ना? गावचे कोणते खेळाडू बरे वाटले?"

तो आठवू लागला. "नाम नहीं मालूम, मास्टर. एक लंबा था. एक चष्मेवाला था." मग हसला. "वो लोग हमको पास नहीं देता, हम उनको नहीं देता. पर कप मिल गया."

"आमच्या मुलांना काही शिकवाल?"

हे ऐकून तो गंभीर झाला. मला वाटलं होतं हा हो हो म्हणून बयाणा घेईल, पण माणूस प्रामाणिक निघाला. "देखो मास्टर," म्हणाला, "गोल हम करेगा. टीम हम नहीं बनायेगा. टीम तुम्हारे गांव का काम है."

नथूभाऊंनी खिशात हात घातला होता. मी त्यांचा हात धरला आणि डिसोझाला म्हटलं, दोन दिवसांत परत येतो, तेव्हा सांगतो. बाहेर आल्यावर नथूभाऊ संतापले. मैदान गेलं तर दोष कोणाचा, असं त्यांनी भर रस्त्यात विचारलं. मी म्हटलं माझा.

सावदा

सावद्याला जाण्याचं कारण असं, की डिसोझाने जाता जाता सांगितलं होतं, यंदा त्यांना भीती आहे ती सावद्याची. "केलावाला लोग," तो म्हणाला होता. ही सावद्याची टीम मला माहीत होती. शाळा सोडलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी काढलेली. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून सपाटून मार खाऊन गेली होती. तिला रेल्वेवाले भितात म्हटल्यावर मला राहवेना.

तापी ओलांडली की मुलूखच बदलतो. आमच्याकडे नजर जाईल तिथवर कपाशी नि बाजरी. इथे स्टेशनपासून गावापर्यंत टांग्याच्या दोन्ही बाजूंना केळी. मोटांचा कुरकुर आवाज आणि गारवा. कॅप्टन काशीनाथभाऊ चौधरी बागेतच भेटले. चांगले खाते-पिते बागायतदार, आवाज खणखणीत आणि स्वतःविषयी मत उत्तम. ओळख होताच म्हणाले, "मास्तर, खानदेशात हॉकी पाह्यची तर सावद्यात. बाकी ठिकाणी नुसत्या काठ्या हालू राह्यल्या." मला राग आला, पण पाहुणा होतो.

जेवायला वरण-बट्टी, वर तुपाची धार. आमच्याकडे केळीचं पान सणाला मिळतं, इथे रोजच्या जेवणाला. काशीनाथभाऊंच्या वहिनी म्हणाल्या, "भरीत खायचं तं थंडीत या. आता वांगी कुठी?" नथूभाऊंनी इतक्या बट्ट्या खाल्ल्या की दुपारी त्यांना बागेत सावलीला निजवावं लागलं.

संध्याकाळी सराव पाहिला. मैदान म्हणजे कापणी झालेलं एक शेत, रूळ फिरवून सारखं केलेलं. खेळ वेगवान, पण मी पाहत होतो ते दुसरंच. प्रत्येक जुन्या खेळाडूच्या जवळपास एक नवा पोरगा खेळत होता, जणू सोबतीला दिलेला. एक तरुण फुलबॅक साफ चुकला, चेंडू त्याच्या पायांमधून गेला आणि गोल झाला. काशीनाथभाऊ गरजले. मला वाटलं आता त्या पोराची खरडपट्टी निघते. पण ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते ओरडत होते पलीकडच्या जुन्या फुलबॅकवर, चाळिशीच्या गृहस्थावर.

"गणपतभाऊ, काय शिकवलं तुम्ही याला? दोन महिने झाले, काय करू राह्यले?"

गणपतभाऊंनी खाली मान घातली. मग त्या पोराजवळ गेले, त्याचा पाय धरून जागेवर ठेवला आणि पुन्हा दाखवलं.

सराव झाल्यावर मी विचारलं, हा काय प्रकार. काशीनाथभाऊ मला सरळ बागेत घेऊन गेले. एका केळीला घड लागलेला होता आणि बुंध्याशी एकच पील, म्हणजे मुळातून फुटलेलं रोप, कमरेइतकं उंच.

"हे पाह्यलं? घड उतरला का मोठी केळ कापायची. पण पील आधी धरायचं, मोठी उभी असताना. केळ कापून मंग पील शोधाल तं वर्ष गेलं. अन् पिलं फुटतात पाच-सहा, ठेवायचं एकच. बाकीची खणून काढायची."

"माणसाचं असं नसतं," मी म्हटलं. मला त्यांचा ठसका सहन होत नव्हता. "केळीला काय, शेजारी पील वाढलं तरी ती जळत नाही. माणूस जळतो. आपल्या जागेवर येणाऱ्याला कोण शिकवील?"

"जळतो ना," ते ठामपणे म्हणाले. "आमचेबी जळले. मारामारीपर्यंत गेलं. म्हणून तं नेम केला. आपलं पील ज्यानं त्यानं स्वतः निवडायचं. अन् पोरगा चुकला तं बोलणी म्हाताऱ्याला. पोराला एक शब्द नाही. चार दिवस बोलणी खाल्ली का म्हातारा आपसूक शिकवतो."

"आणि हरलात तेव्हा? कॅप्टन नाही बदलला?"

"चार वर्षं हरलो, मास्तर. तुम्हीच तं हरवलं. लोक म्हणत, काशीनाथला काढा. मी म्हटलं, काढा, पण माझं पील तयार होऊ द्या, मंग काढा." ते हसले. "ते तयार होईपर्यंत आम्ही जिंकायला लागलो."

मी त्या केळीजवळ बराच वेळ उभा राहिलो. गर्विष्ठ होता गृहस्थ, पण बोलला ते मला पटलं, आणि पटलं म्हणून पुन्हा रागही आला. आम्ही आखाजीला काय करत आलो होतो? अख्खी बाग एका दिवसात तोडायची आणि पुढच्या वर्षी घड कुठे म्हणून विचारायचं. जळगावकर दुसऱ्याच्या बागेतले घड आणून आपल्या केळीला बांधत होते. पैशाची अडचण त्यांना नव्हती, हौशीची आम्हाला नव्हती, आणि तरी दोघांचं घोडं तिथेच अडलं होतं.

परत भुसावळ, परत भडगाव

नथूभाऊंना मी रेल्वेच्या डब्यात सांगितलं की भाड्याचे खेळाडू घेणार नाही. ते भांडले नाहीत, ही मला जास्त भीतीची गोष्ट वाटली. नुसतं म्हणाले, "मैदान जाईल, मास्तर."

"जाईल."

"तरी?"

"तरी. भाड्याच्या माणसांनी मैदान राखलं, तर त्या मैदानावर पुढच्या साली खेळणार कोण?"

डिसोझाला जाऊन नाही म्हणून सांगितलं. त्याने हात मिळवला आणि जळगावचा माणूस काल येऊन ठरवून गेल्याचं सांगितलं. आमच्याशीच गाठ पडली तर वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला.

भडगावला आण्णा शेतात होते. बांधावर बसलो. या वेळी मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही. "आण्णा, परत चला," म्हटलं. "दर शनिवार-रविवार धुळ्याला या. कार्तिकात सामना आहे. हरलो तर मैदान जातं."

आण्णांनी नजर समोरच्या कपाशीवर ठेवली. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"आखाजीले सालदारले काढतस, तवय त्याले बी टोपी-उपरनं देतस. माले कोनी सांगं बी नही. बठ्ठासले माहीत व्हतं, मालेच नही. मी काठी लिसन मैदानवर उनू, तं मनी जागावर दुसरा उभा."

नथूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णांना न सांगता काढलं त्या बैठकीत ते हजर होते, मी नव्हतो. त्यांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आण्णांच्या हातात दिलं. आण्णा त्याच्याकडे पाहत राहिले.

"हाई निरोपनं का बलावानं?" त्यांनी विचारलं.

"बोलावण्याचं," नथूभाऊ म्हणाले.

मग मी सावद्याचा नेम सांगितला. आपल्या जागेचा माणूस तुम्हीच निवडा, तो चुकला की बोलणी तुम्हाला. मला वाटलं होतं ते आपल्या भाच्याचं, पुतण्याचं नाव घेतील. आण्णांनी ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

"मनी जागावर ज्याले उभा करा, तोच जोयजे माले. भिका."

मी चपापलो. भिका म्हणजे तोच पोरगा, ज्याच्यासाठी आण्णांना काढलं. नथूभाऊंनी का म्हणून विचारलं, तर आण्णा शांतपणे म्हणाले, "त्याना काय दोष शे? त्याले कोनी शिकाडंच नही."

स्टिक घ्यायला घरी गेलो तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी ती आधीच खुंटीवरून काढून ठेवली होती.

धुळे

आता शेवट सांगतो आणि आडपडदा न ठेवता सांगतो. कार्तिकात आमची गाठ जळगावशीच पडली. पहिला अर्धा डाव आण्णा आणि भिका शेजारी शेजारी खेळले ते पाहून मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. तरीही हरलो. एका गोलाने हरलो, आणि तो गोल डिसोझाने केला. बोलल्याप्रमाणे तो सामन्याच्या दिवशी आला, गोल देऊन गेला. परतीच्या गाडीत भिका खिडकीकडे तोंड करून रडत होता आणि आण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

आबासाहेबांनी शब्द पाळला. मार्गशीर्षात मैदानावर कापसाच्या गंज्या पडल्या. मी रोज शाळेत जाताना तो रस्ता टाळत असे. वाईट किती वाटलं ते लिहून कळायचं नाही.

मग आम्ही पांझरेच्या पात्रात गेलो. पाणी आटलं की काठाशी एक पट्टा घट्ट राहतो, तिथे पोरांनी दगड वेचून काढले. चेंडू वाळूत अडतो, पाय रुततात. पण टीम टिकली. जुन्यांतले आणखी तिघे परत आले, प्रत्येकाने आपला एक पोरगा निवडला.

परवा आखाजी झाली. बैठकीची रसपोळी नथूभाऊंच्या घरी होती. दुपारी पाहतो तर तक्क्याशी म्हातारी मंडळी तेवढी बसलेली, टीममधलं कोणीच नाही. कोणीतरी कॅप्टन बदलण्याचा विषय काढला, तेवढ्यात नथूभाऊ उठले आणि चपला घालून चालू लागले. मीही मागोमाग निघालो.

नदीच्या पात्रात सगळे ऊन डोक्यावर घेऊन खेळत होते. भिकाकडे सोपा चेंडू आला आणि त्याने तो सरळ समोरच्याच्या काठीवर दिला. नथूभाऊ काठावरूनच ओरडले, आणि ओरडताना त्यांनी भिकाकडे पाहिलंही नाही.

"आण्णा, तुम्ही काय शिकाडं त्याले?"

आण्णांनी लाल टोकाची ती काठी वाळूत टेकली, डोक्याला गुंडाळलेल्या उपरण्याने तोंड पुसलं आणि मान खाली घालून म्हणाले, "बरोबर शे, नथूभाऊ. चूक मनी शे."

मग ते भिकाजवळ गेले आणि त्याचा पाय धरून जागेवर ठेवू लागले.